सार्वजनिक उद्यान आणि पूर्तधर्म

मनुष्याच्या पुण्यकर्मांचे धर्मशास्त्राने दोन मोठे भाग केले आहेत. यज्ञयागादी कर्मे ती ‘इष्ट’, आणि विहिरी, तलाव, देवालये, अन्नदान व उपवने ही ‘पूर्त’. दोहोंचा मिळून ‘इष्टापूर्त’ असा शब्द झाला. इष्टकर्माचा अधिकार सर्वांना नव्हता. पूर्तकर्माचे द्वार मात्र कोणालाही बंद नव्हते. हा शब्द पुराण-प्रवचनांतून आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवरून गेला असेल. परंतु पूर्तकर्मांत देवालयाच्या बरोबरीने उपवनालाही स्थान दिलेले आहे, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज त्या उपेक्षित उपवनाविषयीच चार विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यास निमित्तही तसेच घडले. आमच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर महानगरपालिकेचे एक लहानसे उद्यान आहे. त्याच्या कोपऱ्यात एक पिंपळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्या पिंपळाच्या बुंध्याशी कोणी भाविकाने देवाची एक जुनी तसबीर आणून ठेवली. मागोमाग दुसरी आली, तिसरी आली. काच फुटलेल्या तसबिरी, भंगलेल्या मूर्ती, निर्माल्याच्या पिशव्या आणि तेलकट पणत्या यांचा तेथे ढीग झाला. पुढे कोणी एका दगडाला शेंदूर लावला, त्यावर पत्र्याचे छप्पर आले. आणि गतवर्षी काही वजनदार मंडळींनी असा प्रस्ताव मांडला की, त्या जागी एक छोटेखानी देऊळ बांधावे, पुढे फरशीचा मंडप घालावा, आमच्या तीर्थरूपांनी प्राणप्रतिष्ठा करावी आणि तेथील नित्यपूजाही आमच्याच घराकडे असावी.

आम्ही येथे काही लपवू इच्छित नाही. प्रथम ऐकताच तो प्रस्ताव आम्हांला आवडला. पुजाऱ्याचा संसार दक्षिणेच्या ताटावर चालतो; दुसरे देऊळ म्हणजे दुसरे ताट, हा हिशेब आमच्या मनात आलाच नाही असे म्हटले तर ते असत्य होईल. शिवाय भक्तिभावाने आरंभिलेल्या कार्यास नाही म्हणावे तरी कसे? तीर्थरूपांनी मात्र एकच प्रश्न विचारला : “संकल्प सोडताना भूमी कोणाची म्हणून सांगू?” देवाला जे अर्पण करावयाचे ते अर्पण करणाराच्या सत्तेचे असावे लागते. दुसऱ्याच्या परसातील फुले न विचारता तोडून पूजा केली, तर तिचे पुण्य फुलांच्या धन्याला जाते, असे आपल्या आयाबाया सांगत आल्या आहेत. जे फुलांचे, तेच भूमीचे.

प्रस्ताव तेवढ्यापुरता थांबला. संपला मात्र नाही. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत तो पुन्हा येणार आहे. म्हणून तीर्थरूपांच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या अल्पमतीप्रमाणे शोधून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

उद्यानाची भूमी कोणाची? याचे एक उत्तर, महानगरपालिकेची. ते कागदोपत्री बरोबर असले तरी मनाचे समाधान करणारे नाही. कारण महानगरपालिका ही काही जहागीरदार नव्हे, ती आपलीच विश्वस्त आहे. दुसरे उत्तर, सर्वांची. आणि सर्वांची म्हणून आमचीही. आणि आमची म्हणून तिच्यावर आम्ही आमचे देऊळ बांधू, आमच्या दुकानाची मांडणी पुढे सरकवू, आमची गाडी लावू, आमच्या घरचा कचरा टाकू. हे दुसरे उत्तर सर्वांना सोयीचे वाटते, आणि आमच्या मते सगळा घोटाळा तेथेच आहे.

शास्त्रकारांनी दान आणि उत्सर्ग यांत एक सूक्ष्म भेद केला आहे. दानात वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. उत्सर्गात ती कोणा एकाच्या हाती जातच नाही. तलाव खोदविणारा यजमान तो तलाव सर्व भूतांसाठी सोडून देतो, आणि त्या क्षणी त्याचे स्वामित्व संपते. पुढे तो तेथे स्नान करू शकतो, पाणी पिऊ शकतो. परंतु इतरांप्रमाणेच, सर्वांपैकी एक म्हणून. ‘तलाव मी खोदला, तेव्हा पहिला घडा माझा’ असे त्याला म्हणता येत नाही. येथे ‘सर्व भूते’ हा शब्द वाचकांनी लक्षात घ्यावा. त्यात केवळ माणसे नाहीत. गुरे, पक्षी, खारी आणि मुंग्याही आहेत.

पूर्वी असे पूर्तकर्म राजे करीत, सावकार करीत, अहल्याबाई होळकरांसारख्या पुण्यशील राज्यकर्त्या करीत. आज ते आपण सर्वजण मिळून करतो, पण करतो आहोत याची जाणीव आपल्याला नसते. घरमालक घरपट्टी भरतो; भाडेकरूच्या भाड्यातही तिचा अंश असतो. ज्याला घर नाही असा हमाल आगपेटी विकत घेतो तेव्हा तोही सरकारास कर देतो, आणि सरकारी अनुदानाच्या वाटेने त्याचाही पैसा शहरात परत येतो. अशा थेंबाथेंबाने जमलेल्या द्रव्यातून उद्यानाची कुंपणभिंत उभी राहते, माळ्याचे वेतन निघते, झोपाळ्याची साखळी बदलली जाते. हा उत्सर्गच होय. मंत्र म्हटला गेला नाही, केवळ पावती फाटली, एवढाच काय तो फरक. मग उत्सर्गाचा नियमही येथे लागू झाला पाहिजे. उद्यान आपले आहे याचा अर्थ ते आपण सोडून दिलेले आहे. सोडलेले परत घेणे याला आपल्याकडे दत्तापहार म्हणतात, आणि त्याची गणना पातकांत होते. मग ते दुकानासाठी परत घेतलेले असो, वा देवासाठी.

हा विचार आपल्याच देशापुरता आहे असेही नाही. इंग्लंडात लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेड नावाचे गाव आहे. तेथे १८४७ साली सार्वजनिक पैशातून एक उद्यान खुले झाले. त्यापूर्वी विलायतेत उपवने नव्हती असे नाही. पण ती बहुधा राजांची वा उमरावांची होती, आणि लोक त्यांत शिरत ते धन्याच्या मर्जीने. १८५० साली ओल्मस्टेड नावाचा अमेरिकन तरुण ते उद्यान पाहावयास गेला. वृक्षवेलींहून त्याला अधिक नवल वाटले ते याचे की, गरिबातील गरीब माणूस तेथे राणीच्याच हक्काने वावरत होता. पुढे याच ओल्मस्टेडने एका सहकाऱ्याबरोबर न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्कचा आराखडा केला, तो १८५८ साली स्वीकारला गेला. उद्यानाची खरी शोभा फुलांत नसून त्या समान हक्कात आहे, हे त्याने ओळखले होते.

आपल्या राज्यघटनेतही हीच दृष्टी आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून जी बारावी अनुसूची लागू झाली, तिच्यात उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची सोय हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. कर्नाटकात झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७६ साली आणि उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या रक्षणाचा कायदा १९८५ साली झाला. आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात दिलेला निर्णय तर आमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. तेथील एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. शेजारचे रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय हे काही वाईट काम नव्हे. तरीही उद्यानाची जागा अशी देता येत नाही, असा निकाल होऊन ती उद्यानासाठीच राहिली. रोग्यांच्या सेवेसाठीही जी जागा घेता येत नाही, ती आमच्या मंडपासाठी कशी घेता येईल? पुढे २९ सप्टेंबर २००९ रोजी त्याच न्यायालयाने, सार्वजनिक रस्ते, उद्याने वा अन्य सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. त्यात मंदिर, मशीद, चर्च आणि गुरुद्वारा या चारहींचा उल्लेख आहे.

कोणी म्हणेल, न्यायालयाचे असो. धर्म काय म्हणतो? धर्माचीही साक्ष काढू. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित बरीच शतके अज्ञातवासात होते. ते म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना सापडून १९०९ साली छापले गेले. त्यात नगराच्या उपवनांतील फळझाडे, फुलझाडे व सावली देणारी झाडे यांच्याविषयी दंड सांगितले आहेत. कोवळे अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांद्या तोडल्यास १२ पण, मोठ्या फांद्या तोडल्यास २४ पण. खोडास इजा केल्यास त्याहून मोठा दंड आणि झाड समूळ तोडल्यास त्याहूनही मोठा. आणि सीमेवरील व पूज्य मानलेल्या वृक्षांच्या बाबतीत हा दंड दुप्पट आहे. हे मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. वृक्ष पूज्य ठरला म्हणजे त्याच्यावर आमचा अधिकार वाढत नाही, आमच्यावरील बंधन वाढते. आज मात्र उलट घडते. पिंपळ पूज्य, म्हणून आम्ही त्याच्या खोडाला खिळे ठोकून पाट्या लावतो, मुळांवर तेल ओततो, बुंध्याभोवती सिमेंटचा पार आवळून त्याचा श्वास कोंडतो.

या सीमाभागाला अधिक जवळची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजाविले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. घेणेच प्राप्त झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे ते सांगतात. स्वराज्याच्या आरमाराहून मोठी निकड त्या काळी कोणती होती? तरीही रयतेचे झाड हे रयतेचे, ही मर्यादा राज्यसत्तेने स्वतःवर घालून घेतली.

आता एक आक्षेप आम्हांला खरोखरच वजनदार वाटतो, त्याला बगल देणे योग्य नव्हे. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी खाली जाते, वस्त्यांत पाणी दिवसाआड नव्हे तर अनेक दिवसांआड येते. अशा वेळी हिरवळीवर पाणी शिंपणे आणि झोपाळ्यांवर पैसा खर्चणे हा धर्म की चैन? भुकेल्याच्या ताटापुढे रांगोळी कशाला, असे विचारणाराला केवळ सौंदर्याची महती सांगून गप्प करता येणार नाही.

आमचे उत्तर असे की, पिण्याचे पाणी आधी, यात वादच नाही. शोभेची हिरवळ चार महिने वाळली तरी बिघडत नाही. परंतु झाडाखालची उघडी माती ही शोभेची वस्तू नव्हे. मृगाचा पाऊस जिरतो तो तिच्यातच, फरशीत जिरत नाही. विहिरींचे झरे जिवंत राहतात ते अशा मातीमुळे. आमच्या टिळकवाडीत १९२४ सालच्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे. महात्मा गांधी अध्यक्ष होते असे ते एकच अधिवेशन. त्याचा मांडव केव्हाच उठला, भाषणे इतिहासात जमा झाली. पण विहीर उरली, आणि तिच्या परिसरात लोक आजही फिरावयास येतात. त्या अधिवेशनात स्वच्छतेचे काम स्वयंसेवकांनी स्वतः अंगावर घेतले होते, हेही आपण आठवावे. पूर्तकर्म कसे टिकते याचा हा घरचाच दाखला आहे.

दुसरे असे की, उद्यान ही चैन कोणाची? ज्याच्या बंगल्याला अंगण आहे, ज्याची मुले सुटीत महाबळेश्वरी जातात, त्याला उद्यान नसले तरी चालते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात त्या घरातील आजोबांना संध्याकाळी टेकावयास बाक हवा, सुनेला घटकाभर मोकळे बोलावयास जागा हवी, मुलांना रहदारीपासून दूर धावावयास माती हवी. संभाजी उद्यानात किंवा शहापूरच्या शिवाजी उद्यानात सायंकाळी जाऊन पाहावे. एकाच बाकावर एक आजोबा मराठीत आणि दुसरे कन्नडात गुडघेदुखीची तक्रार सांगत असतात, आणि दोघांनाही ती पुरती समजते. १९५६ पासून या भागाने भाषेपायी पुष्कळ सोसले आहे, त्या प्रश्नाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सावलीला भाषा विचारली जात नाही अशी जागा गावात असणे, ही लहान गोष्ट नाही.

तिसरा आक्षेप आळसाचा आहे : उद्यान राखणे हे महानगरपालिकेचे काम, आम्ही कर भरला, आमचे कर्तव्य संपले. यावर विष्णुस्मृतीत एक मोठे सुंदर वचन आहे. विहीर, उपवन, तलाव आणि देवालय यांची जो पुन्हा दुरुस्ती करतो, त्याला ते प्रथम करणाराइतकेच फळ मिळते, असा त्याचा आशय आहे. येथेही देवालय आणि उपवन एकाच ओळीत बसविले आहेत. नव्या बांधकामाला उद्घाटक मिळतात, कोनशिला मिळते, हार मिळतात. तुटलेला नळ वेळेवर बदलणाऱ्या माळ्याला कोणी हार घालीत नाही. पण शास्त्राने दोघांना एकाच पंक्तीला बसविले. राखणे हे घडविण्याहून कमी नाही, हा विचार ज्या दिवशी आपल्या अंगी मुरेल, त्या दिवशी अर्धी उद्याने आपोआप सुधारतील. आणि राखणे म्हणजे केवळ झाडणे नव्हे. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या, वृक्षांनी भरलेल्या आवारात स्मार्ट सिटी योजनेतील बांधकामे निघाली तेव्हा तेथे नित्य फिरावयास जाणाऱ्या नागरिकांनीच हरकत घेतली. विचारणे, अर्ज करणे, झाडांचा हिशेब मागणे हीही राखणच होय. निसर्गाचे रक्षण हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणूनच सांगितले आहे.

हे सर्व दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आम्ही मंदिराच्या कुटुंबांनी आपले हात पाहावेत. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाची फांदी बाजारातून आणून घरी पूजिली जाते. ती फांदी कोणत्या रस्त्याच्या वा उद्यानाच्या वडाची तोडलेली असते, हे कोणी विचारीत नाही. पतीच्या दीर्घायुष्यासाठी वडाचे आयुष्य तोडणे हे सावित्रीला खचित मानवले नसते. दसऱ्याला सोने लुटण्याच्या नावाखाली आपटा ओरबाडला जातो. निपाणीस आमचे आप्त आहेत. तेथील जवाहर तलाव शहराला पिण्याचे पाणी देतो, आणि अशाच जलाशयाच्या काठी निर्माल्याची पिशवी सोडून हात जोडणारा मनुष्य आपण काही अपवित्र केले असे मानीत नाही. आणि उद्यानातील पिंपळाखालच्या त्या तसबिरी? त्या आपल्याच घरांतून गेल्या आहेत. ज्या देवाची आपण वीस वर्षे पूजा केली, त्याला काच फुटताच परक्या कुंपणात ठेवून येणे याला श्रद्धा म्हणावयाचे की सुटका करून घेणे, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. पुजारी या नात्याने आमचाही दोष आहे. जुन्या तसबिरींचे काय करावे हे लोक विचारीत, तेव्हा ‘झाडाखाली ठेवा’ असे सोपे उत्तर आम्हीही दिले आहे.

म्हणून येत्या सभेपुढे आमची नम्र सूचना अशी आहे. उद्यानात देऊळ बांधण्याचा प्रस्ताव मंडळाने आपण होऊन मागे घ्यावा. तो शेंदूर लावलेला दगड यथाविधी मंदिराच्या आवारात आणावा. तीर्थरूपांनी त्याची सिद्धता दर्शविली आहे. निर्माल्यासाठी मंदिराच्या परसात खड्डा करावा, दोरे व प्लॅस्टिक वेगळे काढून फुलांचे खत करावे, आणि ते खत त्याच उद्यानाच्या माळ्याकडे पोचते करावे. जुन्या तसबिरी मंदिरात स्वीकाराव्यात. काच व चौकट वेगळी करून कागद मातीत विसर्जित करावा. वटपौर्णिमेस सुवासिनींनी जिवंत वडापाशीच जावे. आणि महिन्यातून एक सकाळ मंडळाच्या तरुणांनी माळ्याच्या सांगण्याप्रमाणे उद्यानात काम करावे. आपल्या मनाप्रमाणे नव्हे, त्याच्या सांगण्याप्रमाणे.

यात आमच्या घरचे एक ताट बुडते, हे आम्ही वर कबूल केलेच आहे. ते बुडू द्यावे. ज्या दक्षिणेचा संकल्पच खोटा, ती पचत नाही.

त्या कोपऱ्यात देव नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. वृक्षांमध्ये मी अश्वत्थ आहे असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे तेथे देवालय उभेच आहे. त्याला भिंत नाही, म्हणून त्याला कोणी परका नाही. त्याच्या पानांत पाखरे आहेत, सावलीत मुले आहेत, बाकावर म्हातारी माणसे आहेत. ही त्याची नित्यपूजा आमच्यावाचून चालली आहे. आपण त्यासमोरची जागा मोकळी ठेवावी, एवढीच सेवा त्याला आपल्याकडून हवी आहे. ती करण्याची बुद्धी आम्हा सर्वांस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.